डबलसीट, सामान आणि तीनशे किलोमीटर

फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना चौक्याचा घाट मागे पडला की सावंगीजवळ समृद्धी महामार्ग लागतो. मुंबईजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारसायकलला मात्र त्यावर प्रवेश नाही. म्हणजे आपल्या तालुक्यातला माणूस दुचाकीवर शेगावला, तुळजापूरला, वणीच्या गडावर किंवा कोकणात निघाला, तर त्याच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. कुठे नवं सिमेंट, कुठे उखडलेलं डांबर, वळणावर सांडलेली खडी, प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक आणि मध्ये अजिंठ्याचा नाहीतर कन्नडचा घाट. लांबच्या प्रवासाला कोणती मोटारसायकल चांगली, हा प्रश्न इथे विचारायचा तर याच रस्त्यांच्या हिशेबाने विचारावा लागतो.

जाहिरातीत मात्र लडाख असतो. मोकळा रस्ता, बर्फाचे डोंगर, एकटा चालक. मासिकांतली परीक्षणंही बहुतेक वेळा एकट्या आणि बिनसामानाच्या माणसाने गाडी चालवून लिहिलेली असतात. आपला प्रवासी डबलसीट असतो. मागे बायको असते, नाहीतर आई. हँडलला एक पिशवी, मागच्या कॅरिअरला दुसरी. कालपर्यंत हीच गाडी शेतात आणि बाजारात गेलेली असते. या माणसासाठी माझं मत आधीच सांगतो. ताकदीचा आकडा सर्वांत शेवटी बघावा. आधी शॉकअप, मग सीट, मग कमी वेगात इंजिन किती ओढतं ते, आणि त्यानंतर ॲव्हरेज. हा क्रम का, ते पुढे येईलच.

या विषयाशी आपल्या जिल्ह्याचं नातं ग्राहकापुरतं नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९९८ ची कावासाकी बजाज कॅलिबर तिथूनच बाहेर पडली. शॉकअप, ब्रेक आणि ॲलॉय चाकं बनवणारी एन्ड्युरन्स ही कंपनीही संभाजीनगरचीच, तिची सुरुवातही १९८५ चीच. फुलंब्री, खुलताबाद, कन्नड भागातली कितीतरी मुलं वाळूज पट्ट्यात कामाला आहेत. मोटारसायकलच्या सुट्या भागांबद्दल इथला माणूस बोलतो तेव्हा त्या बोलण्यात कारखान्यातला अनुभव असतो.

लांब पल्ल्याची वेगळी गाडी असावी, ही कल्पना मात्र आपल्याकडे उशिरा आली. आधी राजदूत होती, ऐपत असलेल्यांकडे बुलेट होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पेट्रोलचा हिशेबच बदलला. पुढे २००१ मध्ये पल्सर, २००३ मध्ये करिझ्मा. करिझ्मा घेऊन पोरं पहिल्यांदा नुसत्या फिरण्यासाठी गोव्यापर्यंत जायला लागली. खास प्रवासासाठी म्हणून बांधलेली आणि मध्यमवर्गीय कर्जात बसणारी गाडी म्हणजे २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन. त्याच वर्षाच्या शेवटी बजाजने डॉमिनार आणली. आज आपण ज्या गाड्यांची तुलना करतो, त्यांची पिढी तिथून सुरू होते.

आता आराम. सीट मऊ म्हणजे गाडी आरामाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सीटचा वाटा आहेच, पण पहिला वाटा शॉकअपचा. चाक खड्ड्यात गेलं किंवा गतिरोधकावर चढलं की ते वर-खाली किती हलू शकतं, याला शॉकअपची चाल म्हणू. डॉमिनार ४०० मध्ये ही चाल पुढे १३५ आणि मागे ११० मिलिमीटर आहे. एक्सपल्स २०० मध्ये पुढे १९०, मागे १७०. हिमालयन ४५० मध्ये दोन्हीकडे २००. मीटिओर ३५० मध्ये पुढे १३० आहे. दोन माणसं आणि सामान चढलं की मागच्या शॉकअपची बरीच चाल नुसत्या वजनानेच संपते. खड्ड्यासाठी उरते ती उरलेली. ती कमी असेल तर शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट मागे बसलेल्याच्या कमरेत जातो. सिल्लोड रस्त्याचं रुंदीकरण अर्धवट पडलं होतं त्या वर्षांत ज्यांनी रोज ये-जा केली, त्यांच्या कमरेला हे सांगायची गरज नाही.

मागच्या शॉकअपला बहुतेक गाड्यांत प्रीलोडची सोय असते. खालच्या खाचांच्या रिंगला पान्याने फिरवायचं, एवढंच. त्याने स्प्रिंग कडक होते असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात स्प्रिंग तीच राहते. वजनाने खाली बसलेली गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते आणि खड्ड्यासाठी चाल मोकळी होते. पाच मिनिटांचं, बिनखर्चाचं काम आहे. तरीही गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत कंपनीतून आलेली खाच कुणी हलवत नाही, आणि मग ‘ही गाडी डबलसीटला चांगली नाही’ असा शिक्का बसतो. डबलसीटला प्रीलोड वाढवा, एकट्याला कमी करा. हजारो रुपयांची जाड सीट बसवण्याआधी हे करून बघावं.

बसण्याची ढब हा दुसरा मुद्दा. मीटिओर आणि ॲव्हेंजर यांसारख्या क्रूझरवर पाय पुढे जातात, पाठ सैल पडते. ॲव्हेंजर क्रूझ २२० ची सीट जमिनीपासून अवघी ७३७ मिलिमीटर, मीटिओरची ७६५. चांगल्या चौपदरी रस्त्यावर या गाड्यांवर तासन्‌तास बसता येतं आणि कमी उंचीच्या माणसाला त्यांचा मोठा आधार वाटतो. पण पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर उभं राहून अंग उचलता येत नाही. सगळा भार माकडहाडावर असतो. एक्सपल्स, हिमालयन, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स यांच्यावर पाय अंगाखाली येतात, गुडघे थोडे ताठ केले की दणका पायांत जिरतो. खराब रस्त्यावर या ढबीला तोड नाही. बीडकडे जायचं असेल तर क्रूझर, आणि सिल्लोडहून आडवाटेने बुलढाण्याकडे उतरायचं असेल तर उंच गाडी, इतका सरळ फरक मी करतो.

मागच्या माणसाचा, खरं तर मागच्या बाईचा विचार परीक्षणांत जवळजवळ नसतोच. आपल्याकडच्या आया-मावश्या साडीत एका बाजूला बसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या प्रवाशासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून अर्धं चाक झाकणारं संरक्षण मागतो. साडीगार्ड म्हणतात ते हेच. साहसी पर्यटनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उंच गाडीवर मागची सीट चालकाच्या सीटहून आणखी वर असते. केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या २०२० च्या आवृत्तीत चालकाचीच सीट ८५५ मिलिमीटरवर आहे. साडी नेसलेल्या पन्नाशीतल्या बाईला तिथे चढणं हीच कसरत. एका बाजूला बसल्याने वजनही एकीकडे जातं आणि वळणावर चालकाला सतत दुरुस्ती करावी लागते. या बाबतीत मोठ्या गाड्यांपेक्षा प्लॅटिनासारखी साधी गाडी सरस ठरते. तिची सीट लांब आणि सपाट, शॉकअप मऊ. बजाजने जुलै २०२४ मध्ये आणलेल्या सीएनजीवरच्या फ्रीडम १२५ ची सीट ७८५ मिलिमीटर लांब आहे. दोघांना ऐसपैस बसायला जागा देणाऱ्या अशा सीटचा विचार महागड्या गाड्यांच्या रचनेत का होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कंपनांबद्दलही थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या प्रवासी गाड्या एका सिलिंडरच्या आहेत, आणि एका सिलिंडरचं इंजिन थरथरतंच. जुन्या बुलेटवर तासाभराने बोटं बधीर व्हायची. २०२० च्या मीटिओरमध्ये आणि २०२१ पासूनच्या क्लासिक ३५० मध्ये बॅलन्सर शाफ्ट आला आणि ८० च्या वेगापर्यंत ही तक्रार बरीचशी मिटली. त्यापुढे ती परत सुरू होते. दोन सिलिंडरची इंटरसेप्टर ६५० याबाबतीत कितीतरी मऊ आहे, पण २०० किलोंच्या पुढचं वजन आणि कडक मागचे शॉकअप यांमुळे मी तिला इथल्या रस्त्यांची गाडी म्हणणार नाही. उन्हाळ्याचाही विचार करा. पारा चाळिशीच्या वर गेला की रेडिएटरच्या गाडीचा पंखा गरम हवा मांड्यांवर फेकतो आणि गावातल्या गर्दीत ते असह्य होतं. हवेवर थंड होणारी साधी इंजिनं ताकदीला कमी असली तरी हा त्रास कमी देतात.

गाडी हाताला कशी लागते, म्हणजे वळते कशी, थांबते कशी, चिखलात सावरते कशी, हे बघायला कन्नडच्या घाटासारखी जागा नाही. त्याचं जुनं नाव औट्रम घाट. अरुंद, कोंडीचा आणि अपघातांचा. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी आली. त्याआधी मालट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणं हाच तिथला अनुभव होता, आणि उसाच्या किंवा मक्याच्या ट्रॉलीमागे आपल्या बाकीच्या रस्त्यांवर तो आजही आहे.

इथे इंजिनाची घडण कळते. मीटिओरचं इंजिन ७२ मिलिमीटर व्यासाचं आणि ८५.८ मिलिमीटर स्ट्रोकचं, म्हणजे उभट. त्याची २७ न्यूटन-मीटरची पूर्ण ओढ ४,००० फेऱ्यांवरच हाती येते. डॉमिनार आणि जुन्या ३९० ॲडव्हेंचरचं ३७३ सीसीचं इंजिन ८९ बाय ६०, म्हणजे आडवं. केटीएमची ३७ न्यूटन-मीटर ओढ ७,००० च्या आसपास मिळते. कागदावर केटीएम कितीतरी पुढे. पण चढावर तिशीच्या वेगात, डबलसीट, पुढे ट्रॉली आणि समोरून एसटी, अशा वेळी मीटिओर तिसऱ्या गिअरमध्ये मुकाट चढते. केटीएमला गिअर पाडावा लागतो, क्लच दाबावा लागतो आणि इंजिन ओरडायला लागतं. त्या इंजिनाची मजा मोकळ्या रस्त्यावर आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ८० आणि इतर रस्त्यांवर ६० चा वेग आहे. तेवढ्या वेगासाठी ४० हॉर्सपॉवरचं बहुतेक बळ पडूनच राहतं. ओव्हरटेक झटकन होतो हा फायदा मी मान्य करतो, आणि एकेरी रस्त्यावर तो खरा फायदा आहे.

चाकाचा आकारही इथे बोलतो. हिमालयन आणि एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची, व्ही-स्ट्रॉमचं आणि मीटिओरचं १९, डॉमिनारचं १७. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, खडीवर कमी अडखळतं. लहान चाक झटकन वळतं. अजिंठ्याच्या घाटात फर्दापूरकडे उतरताना डांबर चांगलं असेल तर डॉमिनार ज्या विश्वासाने वळण घेते, तो विश्वास २१ इंची चाकाची गाडी देत नाही. पण तेच वळण पावसाळ्यात, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी सांडलेल्या काळ्या मातीने माखलेलं असेल, तर १८७ किलोंची डॉमिनार सावरताना घाम फुटतो. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग टायर कुठलाही असो, तो गुळगुळीतच. अशा जागी सुमारे १५८ किलोंची एक्सपल्स किंवा १६७ किलोंची व्ही-स्ट्रॉम पाय टेकवून ओढून काढता येते. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो. साडेपाच फुटांच्या माणसाने, डबलसीट, उतारावर, ८२५ मिलिमीटरच्या सीटवरून एक पाय टेकवून ती धरून ठेवायची, हे शोरूमच्या फरशीवर सोपं वाटतं.

ब्रेकच्या बाबतीत २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि ही खरोखर जीव वाचवणारी गोष्ट आहे. दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडीच घ्यावी. यात पाच-दहा हजारांची काटकसर करू नये.

सामान कसं बांधतो यावरही हाताळणी ठरते. मागच्या चाकाच्या आसापलीकडे, उंच कॅरिअरवर जड बॅग बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगडगतं. जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना सारख्या, शक्य तितक्या मधल्या भागाजवळ. हवेचा दाबही डबलसीटसाठी वेगळा असतो आणि तो चेनकव्हरवर किंवा माहितीपुस्तकात छापलेला असतो.

राहिलं ॲव्हरेज. फुलंब्रीच्या पेट्रोलपंपावर पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो योग्यच आहे. कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. आपला आकडा काढायचा तर फुल टाकी ते फुल टाकी, एकाच पंपावर. रस्त्यावरचा साधारण अनुभव असा: स्प्लेंडर ६५ च्या आसपास, एक्सपल्स २०० चाळिशीच्या जवळ, मीटिओर आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स ३५ च्या आगेमागे, हिमालयन तीसच्या आसपास, डॉमिनार २८ च्या जवळ. या आकड्यांवर गाडीइतकाच चालकाच्या मनगटाचा परिणाम होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० ऐवजी ८० ने गेलं तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो, ८० ऐवजी १०० ने गेलं तर पुन्हा दीडपटीच्या वर. उंच काच, दोन्ही बाजूंच्या फुगलेल्या बॅगा आणि समोरचा वारा याच हिशेबात येतात. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात १०० ऐवजी ७० चा वेग धरला तर तास-सव्वा तास जास्त लागतो. पण पेट्रोल वाचतं, कंपन कमी होतं आणि मागे बसलेली व्यक्ती उतरल्यावर चालू शकते.

यात इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली होती. आपल्या सिल्लोड, कन्नड, फुलंब्री पट्ट्यात मका हे मोठं पीक, आणि मक्यापासूनही इथेनॉल बनतं. त्यामुळे टाकीतल्या तोट्याची बाजारभावाशी सांगड घालणारे शेतकरी इथे भेटतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र रबरी नळ्या आणि सील तपासत राहावं, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धवट ठेवू नये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

पैशांत बघू. फुलंब्रीहून तुळजापूरला जाऊन येणं साधारण सहाशे किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं तर ३५ च्या ॲव्हरेजला अठराशे रुपये आणि २८ च्या ॲव्हरेजला साडेबावीसशे. फरक साडेचारशे रुपयांचा. वर्षातून चार-पाच लांबच्या प्रवासांसाठी एवढ्या फरकावरून कमी आरामाची गाडी घेणं मला पटत नाही. रोज वाळूजला ये-जा असेल तर मात्र गणित उलटं होतं, तिथे ॲव्हरेजच पहिलं. स्प्लेंडरला हाच तुळजापूरचा प्रवास हजाराच्या आत पडतो, आणि तिच्या ९.८ लिटरच्या टाकीत सहाशे किलोमीटर जवळजवळ होतात. डॉमिनारची १३ लिटरची टाकी साडेतीनशेच्या सुमारास रिकामी होते, हिमालयन ४५० ची १७ लिटरची पाचशेपर्यंत नेते. पंढरपूर-तुळजापूरचे सर्वांत जास्त किलोमीटर आजही शंभर सीसीवरच कापले जातात. त्या माणसांना ‘टूरिंग’च्या चर्चेतून वगळणं चुकीचं आहे. त्यांच्यासाठी सल्ला वेगळा: चांगले टायर, वेळेवर बदललेले मागचे शॉकअप, आणि दर तासाला दहा मिनिटं उतरून चालणं.

दुरुस्तीचा मुद्दा छोटा वाटतो, रस्त्यात मोठा होतो. स्प्लेंडर, प्लॅटिना, पल्सर कुठल्याही फाट्यावरचा मेकॅनिक उघडतो. केटीएमला निदान जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत न्यावं लागतं. पंक्चरचंही तसंच. ॲलॉय चाक आणि ट्यूबलेस टायर असेल तर बाभळीचा काटा घुसूनही हवा हळूहळू जाते, गाव गाठता येतं. जुन्या हिमालयन ४११ च्या तारांच्या चाकात ट्यूब आहे, ती एकदम बसते, आणि मागचं चाक रस्त्यात खोलणं डबलसीट प्रवाशांना फार जड जातं. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय २०२४ मध्ये मिळाला. सेकंडहँड ४११ घेणाऱ्याने मागच्या शॉकअपला तेल सुटलंय का आणि स्टीअरिंगचे बेअरिंग हँडल मधोमध अडकवतात का, हे दोन तरी तपासावं.

किमतीचं चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये बदललं. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के झाला. म्हणजे मीटिओर, क्लासिक, होंडा सीबी ३५०, एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम एसएक्स एका बाजूला, हिमालयन आणि केटीएम ३९० दुसऱ्या बाजूला.

हे सगळं धरून इथल्या डबलसीट प्रवाशाला मी एक नाव सांगायचं तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स सांगेन. हलकी, १९ इंची चाक, ॲलॉय आणि ट्यूबलेस, पाठ सरळ ठेवणारी ढब, ३५ चं ॲव्हरेज. टाकी १२ लिटरची, ती मोठी हवी होती. ८३५ मिलिमीटरची सीट कमी उंचीच्या माणसाला आणि साडीतल्या सहप्रवाशाला त्रासाची, त्यांनी मीटिओर किंवा सीबी ३५० घ्यावी आणि खराब रस्त्यावर वेग निम्मा करावा. एकटाच फिरणारा, आडवाटेचा नाद असलेला तरुण असेल तर एक्सपल्स. दोघांचं लडाख खरोखर ठरलेलं असेल, उंची आणि बजेट दोन्ही असेल, तर हिमालयन ४५०.

ठरवण्याआधी चाचणीला मागे बसणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावं, तिच्या रोजच्या कपड्यांत. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी पुरत नाही. खुलताबादच्या चढापर्यंत नाहीतर चौक्याच्या घाटापर्यंत जाऊन यायला परवानगी मागावी. निघण्यापूर्वी मागचा प्रीलोड दोघांच्या वजनाला लावून घ्यावा, आणि परत आल्यावर आधी तिला विचारावं.